आठ कलांचा मंगळ

गेल्या वैशाखातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास धाकट्या बहिणीचा फोन आला. इतक्या सकाळी तिचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळाच येतो. पण तिकडचा आवाज रडका नव्हता, थकलेला होता. "दादा, त्यांच्याकडून नकार आला. मंगळ." एवढेच ती म्हणाली.

माझी ही भाची तिशीला टेकलेली. शिकलेली, पुण्यात चांगल्या नोकरीवर असलेली. हे स्थळ ठरल्यात जमा होते. मुलगा-मुलगी चार वेळा भेटली होती, दोन्ही घरची माणसे एकमेकांकडे जेवून गेली होती. पत्रिकेचा विषय अगदी शेवटी निघाला आणि तो मुलाच्या काकांनी काढला. भाचीचे लग्न वृषभ, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर वृषभ रास उगवत होती. मंगळ धनू राशीत. वृषभेपासून मोजले तर धनू आठवी. अष्टमातला मंगळ म्हटल्यावर पुढची बोलणी तिथेच थांबली.

मला ते लागले निराळ्याच कारणाने. ती पत्रिका मीच मांडलेली होती.

आमच्या घराण्यात जोशीपण होते. आजोबा कोकणातल्या एका लहान गावाचे ग्रामजोशी. गावात मूल जन्मले की बाप वेळ सांगायला आमच्या ओटीवर येई, आजोबा पंचांग उघडत, पाटीवर आकडेमोड करत. बाराव्या वर्षी मीही ती शिकलो. पुढे जन्मभर शाळेत गणित शिकवले, फलज्योतिषावरचा विश्वास कॉलेजातच उडाला होता, पण नात्यात मूल झाले की पत्रिका मांडून द्यायची सवय मात्र राहिली. आजोबांची आठवण म्हणून म्हणा किंवा हाताला खाज म्हणून म्हणा. १९९५ च्या नोव्हेंबरात, मार्गशीर्ष नुकता लागला असताना, ही भाची जन्मली तेव्हाही मी हौसेने लाल शाईत कुंडली काढून दिली. हळदीकुंकू लावून बहिणीने ती कपाटात ठेवली. तीस वर्षांनी ती अशी बाहेर आली.

मी मुलाच्या काकांना फोन केला. गृहस्थ निवृत्त अभियंता, बोलायला सौम्य. मी म्हटले, "अहो, तुम्ही विज्ञानाचे माणूस." ते हसले. म्हणाले, "म्हणूनच सांगतो, जोशीसाहेब. केप्लरने स्वतः पत्रिका केल्या. गॅलिलिओने केल्या. न्यूटनने हॅलेला काय सुनावले ते ठाऊक आहे ना? 'मी या विषयाचा अभ्यास केला आहे, तू केलेला नाहीस.' ही काय वेडी माणसे होती?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. संध्याकाळी बहिणीचा पुन्हा फोन. या वेळी आवाज दबका होता. "दादा, दवाखान्यातल्या नर्सने साडेपाच सांगितले आणि आपण साडेपाच धरले. नक्की मिनिट कुणी पाहिले होते? तू जरा करून बघ ना. दहा-बारा मिनिटे मागे घेतली तर?"

मी तिच्या आधीच मनात करून पाहिले होते. साडेपाचला वृषभ लग्नाचे जेमतेम दोन-अडीच अंश वर आले होते. वेळ पाव तासाने मागे घेतली की लग्न मेष होते. मेषेपासून धनू नववी. नवव्या स्थानातल्या मंगळाला कुणी हरकत घेत नाही. म्हणजे माझ्या भाचीचा संसार मांडला जाणार की नाही, हे एका नर्सने भिंतीवरच्या घड्याळाकडे कधी पाहिले यावर अवलंबून होते. आणि ते दुरुस्त करणे माझ्या हातात होते.

त्या रात्री झोप आली नाही. कपाटातले केप्लरचे चरित्र काढले. पूर्वी वाचले होते ते ग्रहगतीच्या नियमांसाठी. या वेळी वाचले ते काकांना उत्तर देण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर स्वतःला उत्तर देण्यासाठी.

पहिली गोष्ट ही की काका खोटे बोलत नव्हते. योहानेस केप्लरच्या हातच्या सुमारे आठशे पत्रिका आज शिल्लक आहेत. त्या काळी युरोपात 'गणिती' या शब्दाचा अर्थच पुष्कळदा फलज्योतिषी असा होई. आपल्याकडे 'ज्योतिषी'चा जोशी झाला आणि तो पंचांगही करू लागला, मुहूर्तही सांगू लागला. तिकडे तेच दुसऱ्या टोकाने झाले होते. १५९४ साली तेविसाव्या वर्षी केप्लर ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. पगार वर्षाला दीडशे गुल्डन. त्याशिवाय दरवर्षी एक पंचांग काढायचे, त्यात पुढल्या सालचे भविष्य वर्तवायचे, त्याचे वीस गुल्डन वेगळे. म्हणजे आमच्या आजोबांची बलुतेदारीच. १५९५ च्या पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी, तुर्कांची स्वारी आणि शेतकऱ्यांचे बंड सांगितले. थंडी अशी पडली की डोंगरातल्या माणसांची नाके गळून पडल्याच्या वार्ता आल्या, आणि तुर्कही आले. पोरसवदा मास्तर एका हिवाळ्यात प्रसिद्ध झाला.

यावर अनेक जण म्हणतात की पोटासाठी करत होता बिचारा, मनातून त्याचा विश्वास नव्हता. आम्हा मास्तर लोकांना हे उत्तर सोयीचे आहे. मीही वर्गात ते दिले आहे. पण ते खरे नाही. केप्लरचा विश्वास होता. त्याने स्वतःची पत्रिका तर मांडलीच, शिवाय आपली गर्भधारणा कधी झाली त्याचेही गणित केले: १६ मे १५७१, पहाटे चार वाजून सदतीस मिनिटे! गर्भवासाचा काळ २२४ दिवस, ९ तास, ५३ मिनिटे. इतक्या बारकाईने ज्याने स्वतःला आकाशाशी बांधून घेतले, तो नुसता पोटार्थी कसा म्हणावा?

१५९८ च्या फेब्रुवारीत त्याला पहिला मुलगा झाला. हाइनरिख. बापाने लगोलग कुंडली मांडली. मोठी छान निघाली. गुणी, देखणा, बुद्धिमान निघेल असे ग्रह सांगत होते. मूल साठ दिवसांत गेले. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. लाल शाईतली ती कुंडली त्या बापाने पुढे कुठे ठेवली असेल?

१६०० साली केप्लर प्राग शहराजवळ टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाकडे गेला. टायको हा डेन्मार्कच्या राजपुत्रांच्या पत्रिका करणारा, पण त्याचे खरे वैभव म्हणजे वीस-बावीस वर्षांची वेधांची बाडे. दुर्बिणीचा शोध लागायचा होता. नुसत्या डोळ्यांनी, मोठमोठ्या यंत्रांच्या कडेवरून पाहून त्याने ग्रहांच्या जागा टिपल्या होत्या, आणि त्या अंशाच्या तीसाव्या-साठाव्या भागापर्यंत अचूक होत्या. केप्लरच्या वाट्याला त्याने ग्रह दिला तो मंगळ. सगळ्यांत द्वाड. आठ दिवसांत सोडवतो, अशी पैज केप्लरने मारली. लागली काही वर्षे.

त्याची हकिगत थोडी सांगितली पाहिजे, कारण माझ्या लेखी सगळा प्रश्न तिथेच आहे. ग्रह वर्तुळातच फिरतात हे दोन हजार वर्षांचे गृहीत. कोपर्निकसनेसुद्धा सूर्य मध्ये आणला, पण वर्तुळे सोडली नाहीत. केप्लरनेही वर्तुळच घेतले, त्यात मंगळ बसवण्यासाठी तीच आकडेमोड सत्तर-सत्तर वेळा केली. मंगळ आकाशात पूर्व-पश्चिम कुठे दिसेल ते छान जमले. मग सूर्यापासूनची अंतरे तपासली, ती जुळेनात. ती जुळवायला गेले की काही ठिकाणी मंगळ टायकोच्या वेधापासून आठ कला दूर पडू लागला.

आठ कला म्हणजे किती? एका अंशाच्या साठ कला. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला दिसतो तो सुमारे तीस कलांचा. म्हणजे चंद्रबिंबाच्या चतुर्थांशाइतकी चूक. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचेच. टायकोच्या आधीच्या कोणत्याही ज्योतिर्विदाला एवढी चूक कळलीच नसती, कारण त्यांचे वेधच तितके चुकत. केप्लरला टायको माहीत होता. हा माणूस आठ कला चुकणार नाही, याची त्याला खात्री होती. म्हणून त्याने आपले काही वर्षांचे काम मोडीत काढले, वर्तुळ सोडले आणि अखेर मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे इथपर्यंत तो आला. ते पुस्तक १६०९ साली छापले गेले. आज मंगळावर याने पाठवताना जे गणित करतात, त्याचा पाया तो आहे.

आता याच्या शेजारी दुसरे प्रकरण ठेवतो. १६०८ साली एका मध्यस्थामार्फत त्याच्याकडे एका तरुण सरदाराची पत्रिका आली. नाव कळवलेले नव्हते, तरी केप्लरला ते ठाऊक होते असे त्याच्या टिपणावरून दिसते. तो होता वालेनश्टाइन, पुढे तीस वर्षांच्या युद्धात बादशहाचा सेनापती झालेला. केप्लरने स्वभाव लिहिला, तो बराच जुळला. तेहतिसाव्या वर्षी एका धनवान विधवेशी विवाहाचा योग लिहिला. वालेनश्टाइनने अशाच बाईशी लग्न केले, पण १६०९ साली, पंचविसाव्या वर्षी! पुढे १६२४ च्या सुमारास त्याने ती पत्रिका केप्लरकडे परत पाठवली. समासात कोणती घटना प्रत्यक्षात कधी घडली ते लिहिले होते आणि जन्मवेळ थोडी सरकवून पत्रिका नीट जुळवून द्यावी, अशी मागणी होती.

ही ओळ वाचली आणि मला बहिणीचा दबका आवाज ऐकू आला.

केप्लरने काय केले? त्याने काम घेतले. त्याचे बादशहाकडे हजारो गुल्डन थकले होते, घरात खाणारी तोंडे होती. जन्मवेळ काही मिनिटांनी सरकवून त्याने नवी पत्रिका केली. पण सोबत कानउघाडणीही लिहिली: आयुष्यातल्या घटना एकट्या आकाशावरून ठरतात असे मानणाऱ्याला अजून जगाचे ज्ञान व्हायचे आहे, अशा अर्थाची. १६३४ पर्यंतचे भविष्य लिहून तो थांबला. त्या वर्षीच्या मार्चात भयंकर उलथापालथ होईल असे शेवटी आले आहे. वालेनश्टाइनचा खून झाला २५ फेब्रुवारी १६३४ रोजी. केप्लर त्याच्या सव्वातीन वर्षे आधीच, १६३० च्या नोव्हेंबरात, थकलेल्या पगाराच्या वसुलीसाठी हिंडताना परक्या गावी वारला होता.

या खुनाच्या भाकिताचा उल्लेख सगळीकडे आढळतो. विवाहाच्या आठ वर्षांच्या चुकीचा क्वचितच. मंगळाच्या बाबतीत आठ कलांची चूक सहन न झालेला हा माणूस पत्रिकेच्या बाबतीत आठ वर्षांची चूक जन्मवेळ हलवून मिटवतो! माणूस तोच, बुद्धी तीच. मग फरक कशाने पडला? मंगळाच्या वेळी समोर टायकोची बाडे होती. तिथे वेध हलवायला जागा नव्हती, हलायचे ते सिद्धांताने. पत्रिकेच्या वेळी हलवायला जन्मवेळ होती, अपवाद होते, योग होते, गिऱ्हाईक होते. ज्या कामात काहीही हलवून उत्तर जुळवता येते, त्या कामात केप्लरसारख्यालाही आपली चूक सापडू शकत नाही.

मात्र त्याला अस्वस्थ वाटत होते हे नक्की. १६१० साली त्याने एक पुस्तक लिहिले, त्यात फलज्योतिषाच्या आंधळ्या भक्तांना आणि सरसकट टीकाकारांना दोघांनाही चार शब्द सुनावले. खगोलशास्त्र ही शहाणी आई आणि फलज्योतिष ही तिची खुळी मुलगी. पण मुलीच्या कमाईवाचून आईची चूल पेटत नाही, ही त्याची प्रसिद्ध उपमा. कोंबडी उकिरडा उकरते तेव्हा कधी एखादा दाणाही मिळतो, म्हणून सगळाच उकिरडा फेकू नका, असेही त्याचे म्हणणे. त्याला कोणता दाणा हवा होता? ग्रह आकाशात एकमेकांशी जे कोन करतात त्यांचा पृथ्वीवर, हवामानावर काही परिणाम होत असावा, असे त्याला वाटे. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षे हवेच्या नोंदी ठेवल्या. तो दाणा निघाला नाही, ही गोष्ट निराळी.

आणि फेकले काय? इथे काकांनी ऐकायला हवे होते. बारा राशींच्या गुणांना केप्लर मानत नव्हता; आकाशाचे ते बारा तुकडे माणसांनी केले आहेत, नावे माणसांनी ठेवली आहेत, असे तो म्हणे. पत्रिकेतली बारा स्थानेही त्याला मान्य नव्हती. गिऱ्हाइकांना तो स्थाने काढून देई, कारण गिऱ्हाईक तेच मागे. पण शास्त्र म्हणून त्याने ती मोडीत काढली होती. आता मंगळदोष म्हणजे काय? मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असणे. स्थानेच गेली तर अष्टमातला मंगळ कुठून येणार? केप्लरची साक्ष काढून केप्लरने नाकारलेल्या गोष्टीवर माझ्या भाचीला नाकारले होते.

१६११ साली तर प्रागमध्ये बादशहा रुडॉल्फ आणि त्याचा भाऊ माथियास यांचे हाडवैर पेटलेले असताना दोन्ही बाजू केप्लरला ग्रहांचा कौल विचारत होत्या. तो बादशहाचा माणूस. त्याने शत्रुपक्षाला सांगितले की ग्रह बादशहाला अनुकूल आहेत. बादशहाला मात्र हे सांगितले नाही, उगाच फाजील भरवसा नको म्हणून. त्याच सुमारास एका विश्वासूला त्याने लिहिले की फलज्योतिष दरबारातूनच नव्हे तर बादशहाच्या सल्लागारांच्या डोक्यातूनही काढून टाकले पाहिजे. जो ते करत होता, तोच हे सांगत होता.

बाकीच्या नावांचे थोडक्यात. गॅलिलिओने १६०९ च्या आरंभी तस्कनीच्या आजारी ग्रँड ड्यूकची पत्रिका पाहिली, आयुष्य चांगले सांगितले. ड्यूक काही आठवड्यांत वारला. गणिती कार्दानोने इंग्लंडच्या बालराजा सहाव्या एडवर्डला पन्नाशीपलीकडचे आयुष्य सांगितले. तो पंधराव्या वर्षी गेला. कार्दानोने मग आपले कुठे चुकले त्याचे स्पष्टीकरण छापले. राहता राहिले न्यूटनचे ते वाक्य. ते फलज्योतिषाविषयी नव्हतेच. हॅले धर्माची थट्टा करू लागला तेव्हा न्यूटनने त्याला गप्प केले, अशी ती मूळ आख्यायिका. कुणीतरी धर्माच्या जागी फलज्योतिष घातले आणि गोष्ट जगभर फिरली. न्यूटनने तरुणपणी जत्रेत फलज्योतिषाचे एक पुस्तक घेतले होते, एवढे खरे. त्यातली आकृती कळेना म्हणून तो भूमितीकडे वळला, असे त्याच्या आठवणींत आहे. काही का निमित्ताने होईना, भूमिती शिकला!

परदेशातल्यांचेच कशाला? पुस्तक मिटले तरी डोक्यात आजोबा घोळत होते. त्यांचे सगळे गणित 'ग्रहलाघव' या ग्रंथावर चाले. तो लिहिला गणेश दैवज्ञाने, शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात. गणेशाचे वडील केशव दैवज्ञ. या बापलेकांनी मुहूर्ताचे ग्रंथ लिहिले, जातकाचे लिहिले, म्हणजे फलज्योतिष त्यांच्या घरचेच. पण केशवाने काय केले? तो ग्रह डोळ्यांनी पाहत असे. कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताप्रमाणे जुळतो, कोणता कितीने मागे-पुढे दिसतो, हे त्याने लिहून ठेवले आणि पुढच्यांना सांगितले की काळ जाईल तसे पुन्हा फरक पडतील, तेव्हा वेध घेऊन नवे ग्रंथ करा. केप्लरच्या शंभर वर्षे आधी, कोकणच्या किनाऱ्यावर! शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथात ही हकिगत मी प्रथम वाचली, तेव्हा ऊर भरून आला होता.

त्याच्याही आधी भास्कराचार्य. ज्योतिःशास्त्राचे फळ म्हणजे भविष्यकथन असे जुने लोक म्हणतात, असे ते नोंदवतात. पुढे म्हणतात, भविष्य लग्नावर, लग्न ग्रहांच्या खऱ्या स्थितीवर, ती स्थिती गोलाच्या ज्ञानावर आणि गोल गणितावर अवलंबून. ज्याला गणित येत नाही त्याला बाकीचे काय कळणार? आणि स्वतः 'सिद्धान्तशिरोमणी'त गणित आणि गोल यांतच रमतात. त्यांच्या लीलावतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला, मुलीचा संसार झाला नाही. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली. आचार्यांच्या मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. पण ती आपल्या लोकांना इतकी खरी का वाटली, ते मला त्या रात्री समजले. एवढा मोठा गणिती, आणि मुलीच्या वेळी त्याचे काही चालले नाही.

हिशेबच करायचा तर साधा आहे. बारातली पाच स्थाने दोषाची. म्हणजे शंभरातल्या चाळीसहून अधिक मुलामुलींना मंगळ असणार. मग अपवादांची यादी येते, नाहीतर निम्मा महाराष्ट्र बिनलग्नाचा राहिला असता. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात दोनशे पत्रिका जमवल्या, शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितले. शंभरात सरासरी सेहेचाळीस उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी पन्नास आली असती.

हे सगळे मी काकांना सांगणार होतो. मुद्दे कागदावर काढलेही होते. पण सकाळी उठल्यावर वाटले, वादात जिंकून काय करायचे? प्रश्न बहिणीच्या त्या पाव तासाचा होता. वेळ मागे घ्यायची? आजोबा असते तर काय म्हणाले असते हे मला पक्के माहीत होते. त्यांचा फलावर विश्वास होता, पण वेळेत लबाडी करणाऱ्या बापाला ते ओटीवरून उठवून लावत. आणि मी, विश्वास नसलेला, लबाडीला तयार होत होतो. कारण नसलेल्या दोषावर खोटे औषध दिले तर पाप कसले, असे माझे मन मला सांगत होते. हे मन फार हुशार असते.

शेवटी मी कोरा कागद घेतला. वर लिहिले: जन्मवेळ अंदाजे, पाव तास मागे-पुढे. खाली दोन कुंडल्या काढल्या, एक मेष लग्नाची, एक वृषभ लग्नाची. एकीत मंगळ नवव्या स्थानी, दुसरीत आठव्या. यांतली खरी कोणती हे सांगता येणार नाही, असे लिहून सही केली. मूळ पत्रिकेत मी साडेपाच असे ठणठणीत लिहिले होते, तीच माझी चूक होती. एक प्रत बहिणीला पाठवली, एक काकांना.

बहीण रागावली. "एवढे लिहिलेस तर एकच कुंडली लिहायला काय झाले होते?" म्हणाली. दोन दिवस बोलली नाही. काकांचे उत्तर आठवड्याने आले, नेहमीच्याच सौम्य आवाजात. "जोशीसाहेब, दोन-दोन पत्रिकांचे स्थळ आम्हाला कसे चालेल?"

रविवारी भाची आली. तिला सगळे कळले होतेच. माझ्या टेबलावरचे चरित्र तिने उचलले, चाळले. मी तिला केप्लरच्या दुसऱ्या लग्नाचे पान काढून दिले. पहिली बायको १६११ साली वारल्यावर दोन वर्षांत त्याने अकरा मुली पाहिल्या आणि त्यांचा तपशीलवार अहवाल एका सरदाराला पत्राने कळवला. एकीच्या तोंडाला वास येत होता, एक घराण्याने मोठी होती, एका घरी आईचेही स्थळ होते आणि मुलींचेही. मित्रमंडळी म्हणत चौथी कर. अकरावीपर्यंत जाऊन तो पुन्हा पाचवीकडे आला. झुझाना, अनाथ, गरीब, चोवीस वर्षांची. ३० ऑक्टोबर १६१३ ला लग्न झाले, आणि त्या काळातल्या दारूच्या पिंपांचे माप कसे घेतात हे पाहून त्याला घनफळाच्या गणिताचे नवे पुस्तकही सुचले.

भाचीने ते पान दोनदा वाचले.

"अकराच?" ती म्हणाली. "मामा, हे माझे तेरावे होते."

मग पुस्तक पिशवीत टाकून ती स्वयंपाकघरात मामीला मदत करायला गेली.